व्यायल्यावर पुन्हा केव्हा?

जुहूच्या बंगल्यांना आणि इमारतींना वर्षानुवर्षं ताजं दूध पुरवणाऱ्या उपनगरी तबेल्यांत एक जनावर सहसा दिसत नसे : रेडा. दोन्ही बाजूंना दावणी, मधून शेण-मुताची नाली, वर पत्रे, चाळीस-पन्नास काळ्याभोर म्हशी, आणि नर म्हणाल तर दारापाशी बांधलेली दोन-चार मरतुकडी पारडं. म्हैस किंवा गाय व्यायल्यावर तिला पुन्हा कधी भरवायची, या प्रश्नावर पशुप्रजनन शास्त्राची पुस्तकं पानंच्या पानं खर्च करतात. जुहू-अंधेरीपासून जोगेश्वरी, गोरेगाव, मालाडपर्यंतच्या तबेलेवाल्यांनी त्याचं उत्तर केव्हाच देऊन टाकलं होतं : भरवायचीच नाही.

त्यांना म्हैस कळत नव्हती असं कोणी समजू नये. पिढ्यान्‌पिढ्या जनावरांत वाढलेली ही माणसं, लांबून कास बघून दुधाचा अंदाज सांगणारी. त्यांचा हिशेब पक्का होता. ताजी व्यायलेली किंवा दिवस भरत आलेली म्हैस हरियाणा, मेहसाणा, सौराष्ट्रातून आणायची. मुऱ्हा असेल तर बाजारात ती ‘दिल्लीवाली’, नाहीतर जाफराबादी. दहा-अकरा महिने पिळायची. मुंबईत वैरण विकतची, पेंड विकतची, पाणी विकतचं आणि जागेबद्दल तर बोलायलाच नको. साडेपाचशे किलोची भाकड म्हैससुद्धा रोज वजनाच्या दोन टक्के, म्हणजे अकराएक किलो सुका चारा खाते आणि बदल्यात शेणाखेरीज काही देत नाही. शिवाय म्हैस गाभण राहिली की साधारण पाचव्या महिन्यापासून दूध उतरायला लागतं. रिकामी राहिलेली म्हैस त्यामानाने जास्त दिवस दूध ओढते. थोडक्यात, या धंद्यात म्हैस गाभण राहणं हाच तोटा होता. दूध दोन-तीन लिटरवर आलं की तिची जागा दुसरी ताजी म्हैस घ्यायची. काही मालक भाकड म्हशी पालघर-वलसाडकडच्या ओळखीच्या माणसांकडे चारणीला पाठवत, तिथे त्या गाभण राहून परत येत. बाकीच्यांची वाट खाटकाकडे जाई. १९७१ पासून देवनारकडे.

असं सांगतात की चांगली म्हैस चौथ्या-पाचव्या वेताला दुधाच्या ऐन भरात येते. मुंबईत येणारी म्हैस साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वेताची, निवडून आणलेली, म्हणजे उत्तरेतल्या गोठ्यांतलं पहिल्या प्रतीचं जनावर. तिची पुढची चार-पाच वेतं आणि त्यांतून झाल्या असत्या त्या पारड्या, हे सगळं एका वेताच्या दुधासाठी खर्ची पडत होतं. शहराच्या दुधाने खेड्यातली जात पोखरली ही तक्रार म्हणूनच जुनी आहे, आणि मला ती खरी वाटते. फक्त तिचं खापर एकट्या तबेलेवाल्यावर फोडणं सोपं पडतं. पहाटे पाच वाजता दारात धारोष्ण दूध मागणारा गिऱ्हाईकही त्या हिशेबात होताच.

पारडाची गोष्टही याच हिशेबातली. आईचं दूध विकायचं, तर पारडाला पाजायचं कशाला? चीक खरवसाला गेला, पारडू आठ-पंधरा दिवसांत उपाशी मेलं. पण पारडू लुचल्याशिवाय अनेक म्हशी पान्हा सोडत नाहीत. त्यावर जुना उपाय होता फुंका : नळीने योनिमार्गात हवा फुंकायची, की त्या त्रासाच्या झटक्यात म्हैस पान्हा सोडते. महात्मा गांधींनी गायी-म्हशींचं दूध सोडलं, त्यामागे कलकत्त्याच्या गवळ्यांच्या अशाच क्रूर प्रकारांची माहिती होती. पुढे आजारपणात ते शेळीच्या दुधावर आले. १९२४ मध्ये आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर ते विश्रांतीला राहिले ते जुहूलाच. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या बाराव्या कलमाने फुंका हा गुन्हा ठरवला. त्याची जागा ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनने घेतली, आणि तेही बेकायदा ठरल्यावर बाटलीवरचं लेबल तेवढं गेलं.

या सगळ्याला सरकारी उत्तर म्हणून आरे दूध वसाहत उभी राहिली. १९४९ ला काम सुरू झालं, ४ मार्च १९५१ ला पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन. मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांची ती कल्पना : म्हशी शहराच्या गल्ल्यांतून उचलून गोरेगावच्या मोकळ्या रानात न्यायच्या, स्वच्छ गोठे, पाणी, गवत, डॉक्टर सगळं द्यायचं आणि दूध यंत्रातून काढून बाटलीत भरायचं. तीसेक युनिट, सोळा हजारांच्या आसपास जनावरं. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी आणि अमूलचे व्हर्गीस कुरियन व त्रिभुवनदास पटेल या तिघांना एकत्र मिळाला. पण जनावरं शहरात असावीत का, या मुद्द्यावर खुरोडी आणि कुरियन यांचं कधी जमलं नाही. कुरियन यांचं म्हणणं सरळ होतं : म्हैस जिथे चारा आहे तिथे ठेवा, दूध गाडीने आणा. आरेने गोठा बदलला, म्हशीचं नशीब फारसं बदललं नाही; मालक तेच, एका वेताचा हिशेबही बराचसा तोच. १९७० ला सुरू झालेल्या ऑपरेशन फ्लड या राष्ट्रीय दूधयोजनेचा एक हेतूच हा होता, की चार महानगरांत खेड्याचं दूध इतकं आणायचं की शहरातला तबेला आपोआप परवडेनासा व्हावा.

तो हेतू पूर्णपणे साधला नाही. १९७६ मध्ये नागरी भागात गुरं पाळण्यावर आणि त्यांची ने-आण करण्यावर नियंत्रण आणणारा राज्याचा कायदा आला. तलासरीजवळच्या दापचरीला दुग्धप्रकल्प होता, कुर्झे धरणाचं पाणी होतं. मुंबईचे तबेले तिकडे हलवा असे आदेश २००५ नंतर न्यायालयातून निघाले. तबेलेवाल्यांनी रस्ते, वीज, पाणी, गिऱ्हाईक यांचे प्रश्न पुढे केले. वर्षं गेली. तबेल्यांच्या पुष्कळ जागांवर दरम्यान टॉवर उभे राहिले, ते मात्र कोणाच्या आदेशाची वाट न बघता. दापचरीचा मुद्दा आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार मोलाचा होता. म्हैस चाऱ्याजवळ गेली की भाकड महिने स्वस्त होतात, भाकड महिने स्वस्त झाले की तिला भरवणं परवडतं. ‘केव्हा भरवायची’ हा प्रश्न शास्त्राचा होण्याआधी जागेचा आणि वैरणीचा आहे, हे मुंबईइतकं उघडं दुसऱ्या कुठे दिसत नाही.

आता ज्याच्या घरी वैरण आहे आणि जो म्हैस किंवा गाय पुढच्या वेतासाठी ठेवणार आहे, त्याच्या गोठ्यात शिरू.

गायीचा गाभण काळ सुमारे २८० ते २८५ दिवस. वर्षाला एक वासरू हवं असेल तर ३६५ मधून ते वजा जाता हाती उरतात ऐंशी-पंच्याऐंशी दिवस. या दिवसांत गर्भाशय मूळ आकाराला यायला हवं, अंडाशय पुन्हा चालू व्हायला हवं, माज दिसायला हवा, रेतन व्हायला हवं आणि ते ठरायलाही हवं. गर्भाशय पूर्ववत व्हायला चांगल्या गायीला महिना ते चाळीस दिवस लागतात. वार अडकली असेल, कोणी अर्धवट हात घालून ती ओढली असेल, आतून घाण वास येत असेल, तर त्यापुढे किती दिवस ते सांगता येत नाही. म्हणून पंचेचाळीस दिवसांच्या आतला माज कितीही उघड असला तरी सोडावा आणि साठ दिवसांनंतरचा धरावा, हा आपल्याकडच्या पशुवैद्यांचा जुना सल्ला. तो बरोबर आहे. घाईने तिसाव्या दिवशी केलेलं रेतन बहुतेक वाया जातं, आणि शेतकरी मात्र ‘गाय उलटते’ म्हणून गायीला दोष देत बसतो.

म्हशीचा हिशेब निराळा. तिचा गाभण काळ ३०५ ते ३१५ दिवसांचा, म्हणजे वर्षाला एक पारडू ही गोष्ट जवळपास अशक्यच. तेरा-चौदा महिन्यांना एक वेत मिळालं तर उत्तम. त्यात म्हशीचा माज मुका. गाय माजावर आली की गोठा डोक्यावर घेते, दुसऱ्या गायींवर उड्या मारते. म्हैस रात्री दोनदा रेकते, मुताची धार थोडी-थोडी सोडते, सकाळी दूध एखादा लिटर कमी देते, संपलं. बहुतेक म्हशींचा माज रात्री किंवा पहाटे असतो आणि मालक तेव्हा झोपलेला असतो. तिसरं म्हणजे ऋतू. म्हैस दिवस लहान होऊ लागले की फळते. भाद्रपद-आश्विनापासून माघापर्यंत तिचा हंगाम, चैत्र-वैशाखात अंडाशय जणू रजेवर.

याचे परिणाम एका उदाहरणात दिसतील. १५ ऑगस्टच्या आसपास व्यायलेली म्हैस घ्या. ऑक्टोबरच्या मध्याला साठ दिवस भरतात, ऐन हंगाम. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत गाभण राहिली तर पुढच्या सप्टेंबरच्या विशीत व्याली, म्हणजे चारशे दिवसांचं, तेरा महिन्यांचं अंतर. हीच म्हैस १५ फेब्रुवारीला व्याली असती, तर साठ दिवस एप्रिलच्या मध्याला भरले असते. ऊन, ओल्या वैरणीची टंचाई, माजाचा पत्ता नाही. तो परत येणार सप्टेंबर-ऑक्टोबरात. १ ऑक्टोबरला ठरली तरी व्यायला पुढच्या वर्षीचा ऑगस्ट. दोन वेतांत जवळपास अठरा महिने. म्हैस तीच, मालक तोच, फरक फक्त व्यायच्या महिन्याचा.

उन्हाळ्यात दुधाला भाव असतो, कारण उन्हाळ्यात म्हशी कमी व्यातात. मुंबईच्या तबेल्याला बारा महिने सारखं दूध लागायचं, ते एका गोठ्यातल्या म्हशींच्या स्वतःच्या चक्रातून कधी निघालंच नसतं. नव्या म्हशी आणत राहणं हा त्या चक्रावर पैशाने केलेला इलाज होता.

मग म्हशीला उन्हाळ्यातही माजावर आणता येतं का? येतं, काही प्रमाणात. दुपारी अंगावर पाणी, डुंबायला डबकं, सावली, रात्रीचा चारा. दिवसा ती खात नाही म्हणून रात्री दहा वाजता दावणीत टाकलेली ओली वैरण महागड्या औषधापेक्षा जास्त काम करते. त्यापलीकडे हार्मोनचे उपाय आहेत. योनीत सात-नऊ दिवस ठेवायचं प्रोजेस्टेरॉनचं साधन, किंवा १९९५ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडलेली ओव्हसिंक पद्धत : एक इंजेक्शन, सात दिवसांनी दुसरं, दोन दिवसांनी तिसरं, आणि मग माज दिसो न दिसो, ठरल्या वेळी रेतन. कळप मोठा असेल, माज बघायला माणूस नसेल, तर हे सोयीचं आहे. पण हाडं वर आलेल्या उपाशी म्हशीला ही तीन इंजेक्शनं देणं म्हणजे शुद्ध पैसे घालवणं. अंडाशयाने हुकूम पाळायला अंगात काही शिल्लक असावं लागतं.

हे ‘अंगात शिल्लक’ प्रकरण जरा जवळून बघण्यासारखं आहे. व्यायल्यानंतर दूध सहा ते आठ आठवड्यांत शिगेला पोचतं, भूक मात्र दहा-बारा आठवड्यांनी. मधल्या काळात गाय स्वतःच्या अंगावरची चरबी वितळवून दूध देते. ती किती वितळली हे बघायला यंत्र लागत नाही. गायीच्या मागे उभं राहून कमरेवर सपाट हात ठेवा. माकडहाड आणि शेपटीच्या मुळाच्या दोन्ही बाजूंना खळगे किती खोल आहेत, कमरेच्या आडव्या हाडांची टोकं बोटांना कुरतडल्यासारखी लागतात की त्यांवर मांसाची गादी आहे, शेवटच्या दोन-तीन बरगड्या मोजता येतात का. पाच गुणांच्या मोजपट्टीवर व्यायच्या वेळी तीन ते साडेतीन असावेत. त्यानंतरच्या दोन महिन्यांत अर्ध्या गुणाहून फार घसरली नाही तर ती वेळेवर माजावर येते. एक गुण किंवा जास्त घसरली तर माज लांबतो, रेतन ठरत नाही. म्हणजे व्यायल्यावर कधी भरवायची, याचं अर्धं उत्तर व्यायच्या दोन महिने आधी, दूध आटवून दिलेल्या खुराकात असतं. आणि आपल्याकडे नेमकी भाकड गाय आंबोणाला मुकते. दूध देत नाही तर पेंड कशाला, हा प्रश्न जुहूच्या तबेल्यात होता तसा कोपरगावच्या मळ्यातही आहे.

पश्चिम महाराष्ट्रात त्यात उसाच्या वाढ्यांची भर पडते. कारखान्यांचा हंगाम चालू झाला की नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत वाढं हीच वैरण. जनावर आवडीने खातं, पण त्यातलं ऑक्झलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. महिनोन्‌महिने नुसत्या वाढ्यांवर राहिलेली गाय व्यायल्यावर बसून राहते, वार अडकवते, पुढे उलटत राहते. खनिज मिश्रण आणि चुन्याची निवळी यांचा सल्ला पशुवैद्य त्यासाठीच देतात. गाय भरवायला नेण्याआधी तिच्या दावणीत काय आहे ते बघितलं, तर निम्म्या फेऱ्या वाचतील.

परदेशात हाच प्रश्न मांसासाठी पाळलेल्या कळपांच्या संदर्भात विचारला जातो, आणि तिथली उत्तरं आपल्याला दुसऱ्याच कारणासाठी उपयोगी आहेत. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात अशा गायीला पिळत नाहीत. वासरू सहा-सात महिने तिच्या पायांशी राहतं आणि मनाला येईल तेव्हा लुचतं. हे लुचणंच तिला माजापासून लांब ठेवतं. वासराच्या सहवासाने मेंदूतून अंडाशयाकडे जाणारे हार्मोनचे ठोके मंदावतात. वयात आलेल्या, नीट पोसलेल्या गायीला पन्नास-साठ दिवस, पहिलारू गायीला ऐंशी ते शंभर दिवस माजच येत नाही. वळू कळपात सोडतात तो साठ ते नव्वद दिवसांपुरता, त्यात जी राहिली नाही ती विकून टाकायची. म्हणून ते लोक कालवडींना मोठ्या गायींच्या आधी तीन आठवडे भरवतात, की पहिल्या वेतानंतर त्यांना सावरायला तेवढी उसंत मिळावी. वेळ आलीच तर वासरू अठ्ठेचाळीस तास आईपासून तोडतात आणि तेवढ्याने काही गायी माजावर येतात.

आता तबेल्यातली विसंगती बघा. तिथे पारडू पहिल्याच पंधरवड्यात संपलेलं, पेंड भरपूर, म्हणजे शरीराच्या नियमाने म्हैस लवकर माजावर यायला सगळी परिस्थिती अनुकूल. आणि तिच्या माजाची कोणाला गरज नाही. खेड्यात नेमकं उलटं : पारडू सकाळ-संध्याकाळ पान्ह्यापुरतं लुचतं, पेंड बेताची, माज लांबतो, आणि तो यावा म्हणून घरदार डोळे लावून बसलेलं.

पहिलारूचा मुद्दा आपल्याकडे फार हलक्यात घेतात, म्हणून त्यावर थोडं अधिक. पहिल्या वेताची गाय स्वतःच अजून वाढत असते. तिचे दुधाचे दात पडून पक्के येत असतात. दोनदाती, चारदाती अवस्थेत तिला चारा तोडणं नीट जमत नाही. त्यात गोठ्यात थोराड गायी तिला दावणीवरून हुसकतात. वाढ, दूध आणि पुढचा गर्भ या तिघांत खुराक वाटायचा झाला तर गर्भाचा नंबर शेवटचा. तिची वेळ साठ दिवसांऐवजी नव्वदच्या पुढे धरली तरी बिघडत नाही. खरी चूक त्याआधी होते. कालवड वयावरून नाही, वजनावरून भरवावी : त्या जातीच्या मोठ्या गायीच्या वजनाच्या साठ-पासष्ट टक्के. संकरित कालवड अडीचशे किलोच्या पुढे गेली की, मग ती पंधरा महिन्यांची असो की वीस. मुऱ्हा पारडी सव्वातीनशेच्या आसपास. खिल्लार, डांगी, देवणी या आपल्या जाती उशिरा वयात येतात आणि त्यांना घाई करून उपयोग नाही. दोनशे किलोच्या कालवडीला भरवलं की पहिलं वेत अडतं, वासरू ओढून काढावं लागतं, आणि दुसरं वेत कधी येईल याचा भरवसा राहत नाही.

माज ओळखणं हे घरातल्या बाईचं काम, असं मी अनेक गोठ्यांत पाहिलंय. शेण काढताना तिला शेपटीला चिकटलेला सोट दिसतो. काचेसारखा स्वच्छ, दोरीसारखा लोंबणारा सोट म्हणजे माज; त्यात पांढरे धागे किंवा पू दिसला तर आत दुखणं आहे, त्या फेरीला रेतन करू नये. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन, हा नियम १९४० च्या दशकातला आणि अजून मोडीत निघालेला नाही, कारण अंडं माज ओसरल्यावर दहा-बारा तासांनी सुटतं. रेतन करणारा मोटारसायकलवर येतो, मागे द्रवरूप नायट्रोजनचं भांडं, आत उणे १९६ अंशांवर कांड्या. एक कांडी पाव मिलिलिटरची. ती सदतीस अंशांच्या पाण्यात तीस-चाळीस सेकंद धरायची असते. घाईत ती हातावर चोळून वितळवली, उन्हात बंदूक भरली, की शुक्राणू तिथेच मेले. दोष मात्र गायीला. उरुळी कांचनच्या, १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘बाएफ’ संस्थेने ही सेवा गोठ्याच्या दारापर्यंत नेली, हे महाराष्ट्राच्या दुधाच्या इतिहासातलं मोठं पाऊल. त्याची दुसरी बाजू अशी, की गावोगावचा वळू आणि रेडा कमी झाला. नर नुसता जवळ असला, त्याचा वास असला, तरी मादी लवकर माजावर येते. म्हशीच्या मुक्या माजासाठी तर गोठ्यातून सकाळ-संध्याकाळ फिरवलेला नसबंदी केलेला रेडा माज ओळखणाऱ्या कुठल्याही गळपट्ट्याच्या यंत्रापेक्षा सरस.

वर्षाला एक वासरू हा मंत्र सगळ्यांनी जपावा का? इथे जाणकारांत मतभेद आहेत. इस्रायलमधल्या दुधाळ गोठ्यांवरच्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिलारू गायींना नव्वदऐवजी दीडशे दिवसांनी आणि मोठ्या गायींना साठऐवजी एकशे वीस दिवसांनी भरवायला सुरुवात केली, तर नफा घटण्याऐवजी वाढलेला दिसला. कारण भरपूर दूध देणारी गाय अडीचशे दिवसांनंतरही वीस-पंचवीस लिटरवर असते. तिला घाईने गाभण करून भरली कास आटवण्यात शहाणपण नाही. व्यायच्या वेळी होणारे आजारही वेतं कमी झाल्याने कमी होतात. मला हा युक्तिवाद पटतो, पण दिवसाला पंचवीस-तीस लिटरच्या, बारमाही खुराकाच्या गोठ्यापुरता. आपल्याकडची बहुसंख्य संकरित गाय दहा-बारा लिटरची आणि सात-आठ महिन्यांत उतरणारी. तिला उशीर म्हणजे नुसते भाकड महिने. म्हणून गायीला साठ ते नव्वद, पहिलारूला नव्वद ते एकशे वीस, म्हशीला साठनंतरचा हंगामातला पहिला स्वच्छ माज, हे आकडे इथे चालतील असं मी म्हणेन. आणि रेतनानंतर दोन-तीन महिन्यांनी तपासणी नक्की. उलटली नाही म्हणजे राहिलीच, असं समजून सहा महिन्यांनी हात मारून घेणारे गोठे आजही आहेत.

या प्रश्नाला महाराष्ट्रात कायद्याचीही किनार आहे. १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्याने गायीच्या कत्तलीवर बंदी घातली, २०१५ च्या दुरुस्तीने बैल-वळूंवरही. म्हशीची परवानगी आहे, पण प्रमाणपत्रावर. आणि त्या प्रमाणपत्राची अट अशी, की मादी दूध देण्याच्या किंवा पिल्लू देण्याच्या दृष्टीने पुढे उपयोगी पडण्याजोगी असेल तर ते द्यायचं नाही. म्हणजे ‘ही पुन्हा गाभण राहील का’ हा प्रश्न कायद्याने थेट कत्तलखान्याच्या दारात आणून ठेवला. कागदावर बघितलं तर तबेल्यातली तिसऱ्या वेताची धडधाकट मुऱ्हा तिथे पोचायलाच नको होती. गायीच्या बाबतीत पेच उलटा : जी राहत नाही ती विकता येत नाही, खायला घालणं परवडत नाही. गोशाळा किती पुरणार? परिणामी गायीचं वांझपण शेतकऱ्याला म्हशीच्या वांझपणापेक्षा महाग पडतं, आणि दुधाच्या भावाने मेटाकुटीला आलेले लोक गायीकडून म्हशीकडे वळताना हा हिशेब मनात धरतात. उघड बोलत नाहीत इतकंच.

जुहूच्या फ्रिजमध्ये आज जे दूध असतं त्यातलं बरंचसं पुणे, नगर, कोल्हापूर, गुजरातकडून पिशवीतून येतं. मंचरच्या भाग्यलक्ष्मी फार्मवरून होल्स्टिन गायींचं बाटलीबंद दूध थेट घरपोच येतं, त्याला गिऱ्हाईक याच पट्ट्यातलं. अशा गोठ्यात गायीला कधी भरवायचं हे संगणक सांगतो. पिशवीतलं दूध ज्या दोन-चार म्हशींच्या घरांतून निघतं, तिथे ते दाराशी बांधलेल्या जनावराच्या हाडांवर आणि घरातल्या वैरणीवर ठरतं. डेअरी भाव देते तो फॅट आणि एसएनएफला, म्हणजे फॅटखेरीजच्या घन घटकांना. भाकड दोन महिन्यांची पेंड कुठल्याच दरपत्रकात नसते.

बाजाराने मात्र तिची किंमत बांधून ठेवली आहे. नेवासे तालुक्यातल्या घोडेगावच्या म्हशींच्या बाजारात गिऱ्हाईक आधी कास बघतो, मग दात, आणि तिसरा प्रश्न : किती महिन्यांची? आठवा भरलेली म्हैस एका भावाची, पाचव्यातली त्याहून कमी, आणि ‘भरवलीय, राहिली असेल’ असं विकणारा म्हणाला की भाव तिथल्या तिथे उतरतो. जाणता गिऱ्हाईक त्यावर वाद घालत नाही. बाजारातच फिरणाऱ्या डॉक्टरला बोलावतो, त्याचे पैसे देतो, म्हशीचा कासरा दुसऱ्याच्या हातात देऊन बाजूला उभा राहतो, आणि डॉक्टर हात धुऊन काय सांगतो त्यावर व्यवहार पुढे सरकतो.